आधी उन्हाचा हिशेब, मग बियाणं: कोकणापासून विदर्भापर्यंत घरची उन्हाळी भाजी

वसंतातल्या परसबागेबद्दल जे वाचायला-बघायला मिळतं, त्यातलं बरंचसं थंड देशांतून आलेलं असतं. तिकडचं सगळं वेळापत्रक एका तारखेवर उभं असतं: शेवटचं दव कधी गोठतं. ती तारीख उलटली की रोपं बाहेर काढायची आणि पुढचे चार-पाच महिने भाजी खायची. महाराष्ट्रात हा हिशेब उपयोगाचा नाही. निफाडसारखी मोजकी ठिकाणं सोडली तर आपल्या भाजीला थंडी मारत नाही, ऊन मारतं. म्हणून आपण तारीख धरायची ती पारा चाळिशीला टेकण्याची, आणि तिथून मागे मोजत यायचं.

भेंडीचंच घ्या. पेरल्यापासून ४५ ते ५० दिवसांत पहिला तोडा मिळतो आणि त्यापुढे पाच-सहा आठवडे भेंडी चालू राहते. मुळं खोल गेलेलं, पानांनी स्वतःच्या बुडाशी सावली धरलेलं झाड ४२ अंशांतही तग धरतं. दोन पानांवरचं रोप त्याच उन्हात दोन दिवसांत करपतं. म्हणजे पारा चाळिशीला पोचेल तेव्हा झाड फुलावर आलेलं हवं. नागपूर-अकोल्याकडे मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला चाळिशी गाठली जाते, तेव्हा तिथली भेंडी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मातीत गेली पाहिजे. गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर पेरलेली भेंडी पुण्यात जेमतेम साधते. विदर्भात ती वाया जाते, आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो.

दुसऱ्या बाजूने थंडीचीही एक अट आहे. माती १७-१८ अंशांपेक्षा गार असेल तर भेंडी, गवार, काकडी, दुधी यांचं बी उगवत नाही, फुगून कुजतं. साधा तापमापक असेल तर सकाळी आठच्या सुमारास दोन इंच खोल खुपसून बघा. नसेल तर रात्रीचं किमान तापमान सलग आठवडाभर १४-१५ अंशांच्या वर राहिलं की पेरायला हरकत नाही. थंडी ओसरणं आणि ऊन पेटणं यांच्या मधले दिवस आपले. ते कोकणात दोन महिने मिळतात, पुण्याकडे महिनाभर, विदर्भात दोन-तीन आठवडे.

आपापल्या भागाचं गणित

कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात जानेवारीतल्या रात्रीही फारशा गार नसतात, त्यामुळे संक्रांत झाली की वेलभाज्या लावायला घ्याव्यात. इथे अडचण उन्हाची नाही. पारा सहसा तेहतीस-चौतिसाच्या आसपास राहतो. अडचण पाण्याची. जांभ्या मातीत पाणी ठरत नाही, एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात, शिपणं करून माणूस दमतो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येऊन मांडव झोपवतो. म्हणून लवकर लावून मेच्या मध्यापर्यंत पीक आटोपतं घ्यावं. पडवळ, कारली, शिराळी (म्हणजे दोडकी), काकडी आणि तांबडा माठ ही कोकणची हुकमी भाजी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची पडवळाची ‘कोकण श्वेता’, कारल्याची ‘कोकण तारा’ आणि दोडक्याची ‘कोकण हरिता’ ही वाणं याच हवेसाठी तयार झालेली आहेत. मिळाली तर तीच घ्या. जांभी माती आम्लधर्मी असते, तेव्हा आळ्यात मूठभर लाकडाची राख मिसळावी. किनाऱ्याच्या दमट हवेत वेल दाटीने लावले तर पानं लवकर रोगट होतात, म्हणून अंतर सढळ ठेवा.

पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, नाशिक या पट्ट्यात फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री अजून गार असतात. दहा फेब्रुवारी ते दहा मार्च हा पेरणीचा काळ धरा. नाशिक-निफाडकडे आठवडाभर उशिरा. हवा कोरडी असल्याने पानांचे रोग कमी, पण लाल कोळी (पानांखाली राहणारी बारीक कीड) जास्त. कोल्हापूर-सांगलीकडे एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, कधी गाराही पडतात. तिकडे मांडव सुतळीवर भागवू नका, तार आणि पक्के खांब घ्या.

मराठवाडा, खानदेश आणि विदर्भ इथे सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते आणि तीही अगदी सुरुवातीलाच. जानेवारीत नागपूर-गोंदियाच्या रात्री आठ-दहा अंशांवर जातात आणि मेमध्ये चंद्रपूर-ब्रह्मपुरीला पारा ४५ ओलांडतो. दोन्ही टोकं अंगावर घ्यायची, तर रोपं घरात तयार करावीत. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात काकडी, दुधी, दोडका, कारली यांचं बी कागदी कपांत किंवा छोट्या पिशव्यांत लावून दिवसा उन्हात आणि रात्री घरात ठेवायचं. वेलवर्गीय रोपांना मुळं हललेली खपत नाहीत, म्हणून दोन खरी पानं (पहिल्या जाड बीजदलांनंतरची) आली की मातीच्या गड्डीसकट, गड्डी न फोडता, सांदवाडीत, म्हणजे परसबागेत, लावायची. तारीख पंधरा फेब्रुवारीच्या पुढे जाऊ देऊ नका. भेंडी-गवार मात्र जागेवरच टोकावी.

विदर्भात उन्हाइतकंच वाऱ्याचं बघावं लागतं. एप्रिल-मेतला पश्चिमेचा गरम वारा पानातलं पाणी ओढून घेतो, मग मुळाशी कितीही ओल असली तरी झाड दुपारी मान टाकतं. वाफ्याच्या पश्चिम बाजूला पऱ्हाट्या-तुराट्यांचा (कपाशी-तुरीच्या वाळक्या काड्यांचा) कूड उभा करा, किंवा फेब्रुवारीतच मक्याच्या दोन दाट ओळी टोका. मार्चअखेर वर हिरवी जाळी ताणायची. पन्नास टक्के सावलीची पुरते. पंच्याहत्तर टक्क्यांची घेतली तर झाडं उंच होतात आणि फळ धरत नाहीत. जाळी झाडाच्या डोक्यापासून निदान चार फूट वर हवी, म्हणजे खालून वारा खेळतो. आणि पालेभाजी तिथल्या उन्हाला सरावलेलीच निवडा: चिवळ, घोळ, माठ, अंबाडी, मायाळू. मेच्या उन्हात पालक जगवण्याची खटपट करण्यापेक्षा एक वाफा चिवळीचा करणं केव्हाही चांगलं.

महाबळेश्वर-पाचगणी, चिखलदरा, तोरणमाळ यांचा प्रकार वेगळा. हजार मीटरच्या वर उन्हाळाच सौम्य असतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये फरसबी, गाजर, बीट, मुळा, कोबी, लेट्यूस लावता येतं. भेंडीसाठी मात्र मार्चचा मध्य उजाडू द्यावा.

ऊन कुठे पडतं ते आज नाही, मेमध्ये बघा

शहरातल्या लोकांची फसगत इथे होते. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेची गॅलरी दिवसभर उन्हात न्हाते. ती बघून कुंड्या मांडल्या जातात. पण पुढे सूर्य उत्तरेकडे सरकत येतो आणि मे महिन्यात बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात असतो. त्या दिवसांत वरच्या मजल्याच्या छज्जाची सावली थेट खाली पडते आणि दक्षिणेच्या गॅलरीत ऊन येतच नाही. उलट उत्तरेच्या गॅलरीला सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळायला लागतं. उन्हाळी भाजीला सगळ्यात चांगली पूर्वेची बाजू: दुपारपर्यंत ऊन आणि नंतर सावली. पश्चिमेची गॅलरी असेल तर तिथे भेंडी, गवार, मिरची, चवळी लावा आणि कठड्यावर दोडक्याचा वेल चढवा. तो स्वतः ऊन सोसतो आणि मागच्या कुंड्यांना सावली देतो.

फळभाजीला रोजचं सहा तास ऊन हवं. तीन-चार तास मिळत असेल तर पालेभाजी, पुदिना, मायाळू यांवर समाधान मानावं.

माती आणि वाफा

जागा पेरणीच्या तीन आठवडे आधी खणून उघडी टाकावी. वीतभर खोल खणलं की पुरे. एका चौरस मीटरला तीन-चार किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. शेणखत कुजलेलं आहे की नाही ते वासावर कळतं. शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, त्याने हुमणी आणि वाळवी येते. गांडूळखत असेल तर निम्म्यावर भागतं.

माती कधी हलवायची हे महत्त्वाचं, विशेषतः काळ्या रानात. वाफा पाण्याने भिजवा आणि दोन-तीन दिवस थांबा. मग चार बोटं खालची मूठभर माती घेऊन मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर हाताला चिखल लागला तर अजून थांबायचं. गोळाच झाला नाही, भुकटी सुटली, तर वेळ निघून गेली, पुन्हा भिजवा. गोळा झाला, तळहात कोरडा राहिला आणि अंगठ्याने टेकताच गोळा फुटून चुरा झाला, की वाफसा आला. पेरणी याच ओलीवर करायची. वाफसा नसताना खणलेल्या काळ्या मातीची ढेकळं होतात आणि ती हंगामभर फुटत नाहीत.

गादीवाफे सुंदर दिसतात, पण ते पावसाळ्यासाठी. उन्हाळ्यात उंच वाफा चारही बाजूंनी वाळतो. आता जमिनीलगत किंवा किंचित खोलगट सपाट वाफा करा, कडेने चार बोटांचा बांध घाला. रुंदी मीटरभरच ठेवा, म्हणजे दोन्हीकडून मध्यापर्यंत हात पोचतो आणि आत पाय पडत नाही. वेलांसाठी दीड-दोन फूट व्यासाची आळी करावीत.

गच्चीवर सगळ्यात आधी वजनाचा विचार. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते. नुसत्या मातीने भरलेले वाफे स्लॅबवर नकोत. एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट असं मिश्रण हलकं राहतं. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पाणी टाकून द्या आणि दोनदा तरी धुवून घ्या, त्यात क्षार असतात. गच्चीच्या एखाद्या कोपऱ्यात विटांची कड करून त्यात वाळलेला पाला, उसाचं पाचट आणि वर थोडी माती असाही वाफा करता येतो. तो हलका असतो आणि ओल धरतो. भेंडी, मिरची, वांग्याला बारा इंच खोल कुंडी पुरते. दुधी-दोडक्याला चाळीस लिटरच्या खालचं भांडं देऊ नका. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या एप्रिलमध्ये इतक्या तापतात की कडेची मुळं भाजतात. त्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळा किंवा पांढऱ्या पिशव्या घ्या. भांडी थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवली की खालची धग लागत नाही आणि पाणीही निघून जातं.

काय लावायचं, किती लावायचं

चौघांच्या घराला एका वेळची भाजी व्हायची तर भेंडीची तीसेक झाडं हवीत. चार-पाच झाडं लावली तर रोज दोन-तीन भेंड्या मिळतात आणि त्या फ्रिजमध्ये सुकतात. गवारीची चाळीसेक झाडं, चवळीची तेवढीच. काकडीचे चार-पाच वेल, दोडक्याचे तीन, कारल्याचे दोन, दुधीचा एक. दुधीचे दोन वेल धरले तर शेजाऱ्यांना वाटावं लागतं. मिरचीची चार आणि वांग्याची चार रोपं घराला पुरतात.

भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ किंवा बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेची ‘अर्का अनामिका’ ही सरळ (संकरित नसलेली) वाणं घरासाठी चांगली. बी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी सावलीत निथळवावं, दोन सेंटिमीटर खोल, ओळीत वीतभर आणि दोन ओळींत फूटभर अंतर ठेवून एका जागी दोन बिया टोकाव्यात. उगवल्यावर जोरकस रोप ठेवून दुसरं कात्रीने कापावं. उपटायचं नाही, शेजारच्याची मुळं उचकटतात.

गवारीत ‘पुसा नवबहार’ फांद्या न फोडता सरळ वाढते, त्यामुळे कमी जागेत जास्त झाडं बसतात. गवार-चवळीचं बी फार वेळ भिजवू नये, साल सुटून फुटतं. ओल्या मातीत कोरडंच टोकलं तरी चालतं. कारली आणि दोडक्याच्या बियांची साल मात्र जाड असते. त्या दिवसभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि उबदार जागी ठेवा. दोन-चार दिवसांत मोड दिसला की टोक खाली करून लावा. बाजारच्या पाकिटातलं बी गुलाबी-निळं असेल तर त्यावर बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते स्वयंपाकाच्या वाटीत भिजवू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका, लावून झाल्यावर हात साबणाने धुवा.

टोमॅटोबद्दल स्पष्टच सांगतो. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री उकाडा असताना टोमॅटोचा पराग निकामी होतो. फुलं येतात आणि गळतात. तेव्हा घाटमाथा सोडून फेब्रुवारीत टोमॅटोचं बी टाकण्यात अर्थ नाही. जानेवारीत तयार रोप लावलं असेल तर एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत फळ धरतं, तेवढंच पदरात पाडून घ्यावं. फ्लॉवर, कोबी, मटार, गाजर यांचाही हंगाम सपाटीवर संपलेला असतो. मुळा हवाच असेल तर ‘पुसा चेतकी’ हे उन्हाळी वाण घ्या. मिरची आणि वांग्याची रोपं फेब्रुवारीपर्यंत लावता येतात. दोन्ही उन्हाळा काढतात आणि पावसात नव्याने फुटतात.

कोथिंबीर उन्हाळ्यात लगेच फुलावर जाते. तिला दुपारची सावली द्या, धने चपलेखाली किंवा लाटण्याने रगडून दोन फाकी करून पेरा, आणि दर पंधरा दिवसांनी हातभर जागेत नव्याने पेरत राहा. उगवलेली कापून संपवायची, टिकवायची नाही. वेलांच्या मांडवाखालची जागा हिच्यासाठीच असते.

पाणी आणि आच्छादन

एप्रिल-मेमध्ये एका चौरस मीटर वाफ्याला दिवसाला साधारण सहा ते आठ लिटर पाणी लागतं, विदर्भात याहून जास्त. पण दिवसातून तीनदा वरवर शिंपडल्याने मुळं वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं तर झाड कोलमडतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीतल्या वाफ्याला दोन-तीन दिवसांआड भरपूर पाणी द्या, म्हणजे मुळं ओलीच्या शोधात खाली जातात. उन्हाळा तापला की रोज सकाळी एकदा. कुंड्यांना एप्रिलपासून संध्याकाळीही लागतं. अंदाज न आल्यास बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघावं. टोकाला ओल लागली तर आज पाणी नको. दुपारी पानं माना टाकतात म्हणून घाबरून पाणी ओतू नका. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर झाड ठीक आहे. सकाळीही मान खाली असेल तर मात्र पाणी कमी पडतंय.

गच्चीवरच्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. नळीतलं पहिलं पाणी बादलीत काढा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडांना चालतं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी क्षारयुक्त असतं, ते कुंड्यांना घालू नका.

आच्छादन हा उन्हाळी बागेचा प्राण आहे, त्यावर कंजुषी करू नका. रोपं वीतभर झाली की दोन-तीन इंच जाडीचा थर पसरायचा: देशावर उसाचं पाचट, कोकणात भाताचा पेंढा किंवा वाळलेलं गवत, विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनचं कुटार, शहरात सोसायटीच्या आवारातला वाळका पाला. थर खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. खाली हात घालून बघा, बाहेर माती तापलेली असते तेव्हा आत ती गार आणि भुसभुशीत लागते. वेलांच्या आळ्यात बिनझिलईचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवलं आणि ते भरत राहिलं, तर सुट्टीत चार दिवस गावाला जाऊन येता येतं.

पेरणीनंतर महिन्याने झाडाभोवती ओंजळभर गांडूळखत किंवा दहापट पातळ केलेलं गोमूत्र द्या आणि फुलं लागल्यावर पुन्हा एकदा. युरियाचा मोह टाळा. पानं दाट हिरवी होतात, फळं कमी येतात आणि मावा धाव घेतो.

फुलं येतात, फळ धरत नाही

वेलभाज्यांची ही नेहमीची तक्रार आहे, आणि बहुतेक वेळा झाड निरोगी असतं. सुरुवातीची फुलं नराचीच असतात, ती गळणारच. मादीच्या फुलाखाली बोटाच्या पेराएवढं छोटं फळ दिसतं. ते पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही. उंच इमारतींच्या गॅलऱ्यांत मधमाश्या पोचत नाहीत, तेव्हा हे काम हाताने करावं. नराचं ताजं फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा केसर मादीच्या फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा.

वेळ चुकली तर हे साधत नाही. काकडी, कारली, भोपळा, घोसाळी यांची फुलं सकाळी उमलतात, त्यांचं काम नऊच्या आत. दुधीचं पांढरं फूल आणि दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उमलतं, त्यांच्याकडे पाच-सहा वाजल्यानंतर जायचं. सकाळी दुधीचं परागीभवन करणाऱ्याच्या हाती कोमेजलेलं फूल येतं. दुधीचा वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडा. मादी फुलं बाजूच्या फुटव्यांवर जास्त येतात.

तोडणीला आळस नको. भेंडी एक दिवसाआड काढावी. जून झालेली एक भेंडी झाडावर राहिली तरी पुढचं फूल मंदावतं. काकडी-दोडकाही तसंच. आणि एक धोक्याची गोष्ट: दुधीचा तुकडा चाखून बघावा, कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्यावा. कडू दुधी विषारी असतो, त्याचा रस तर मुळीच पिऊ नये. पाण्याच्या ताणाने काकडीही कडवट होते. तिची चव नियमित पाण्याने सुधारते.

कीड आणि रोग

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसली की तो केवडा. हा विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो, औषध नाही. झाड दिसताच उपटून टाका, हळहळू नका. पिवळे चिकट सापळे झाडांच्या उंचीवर लावा आणि दर दहा दिवसांनी निंबोळी अर्क फवारा: वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड पुरचुंडीत बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पिळून गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा. दुपारी काहीही फवारलं तरी पानं भाजतात.

कोरड्या हवेत पानं तांबूस ठिपक्यांनी भरली आणि खाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानं खालून धुणं हा त्यावरचा चांगला उपाय. वेलांच्या पानांवर पांढरी भुकटी म्हणजे भुरी. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी आठवड्याने फवारा. गंधक मारणार असाल तर ते ३५ अंशांच्या वर वापरू नका. वांग्याचे शेंडे मलूल झाले की आत अळी आहे असं समजून बोटभर खाली कापून जाळून टाका.

कारली-दोडक्याला वाकडेपणा आणि आतून सड आली तर फळमाशी. दुकानात सापळा मागताना ‘क्यू ल्युर’चा मागा. आंब्यासाठीचा मिथाइल युजेनॉलचा सापळा या माशीला बोलावत नाही, आणि दुकानदार तोच पुढे करतो. सडलेली फळं कंपोस्टमध्ये न टाकता खोल पुरा. चार फळांना वेळेवर कागदी पिशवी बांधली तरी ती हमखास हाती लागतात.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांसाठी

इंदूर आणि बडोद्याला देशावरचं वेळापत्रक चालतं. दिल्लीत फेब्रुवारीच्या मध्यानंतर पेरा आणि मेच्या लूसाठी विदर्भासारखी तयारी ठेवा. बंगळुरूची हवा इतकी सौम्य की तिथे फक्त पाणी सांभाळायचं. दुबईत तर वसंत म्हणजे हंगामाचा शेवट. तिथली लागवड सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात सुरू होते आणि एप्रिलमध्ये आवरती घ्यावी लागते.

न्यू जर्सीत मात्र दव गोठण्याचीच तारीख धरायची. ती जागेनुसार एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत असते. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा एप्रिलमध्येच बाहेर पेरता येतात. भेंडी आणि दुधीची रोपं चार आठवडे आधी घरात करून मेअखेर बाहेर लावावीत. लंडनच्या गार उन्हाळ्यात भेंडी काचघराबाहेर साधत नाही. तिथे फरसबी, मेथी आणि कोथिंबीर उत्तम येते. मेलबर्नला वसंत सप्टेंबरात लागतो, आणि टोमॅटो लावायचा दिवस म्हणून तिथले लोक नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारची मेलबर्न कपची शर्यत धरतात. आपली मिरची-वांगीही त्याच सुमाराला लावावीत.

पाऊस यायच्या आत

अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलांचं बी लावायची आपल्याकडे रीत आहे; ते वेल पावसाळ्याचे, आत्ताच्या पिकाशी त्यांची गल्लत करू नका. उन्हाळी वेल मेअखेरपर्यंत काढून मांडव मोकळा करा, म्हणजे नव्या वेलांना तो मिळतो. हिरवी जाळी वळवाच्या वाऱ्याआधी उतरवा, नाहीतर ती खांबांसकट जाते. आच्छादनाचा उरलेला पाला मातीतच मिसळा आणि आता कुठे वाफे उंच करा.

बियाणं धरायचं तर सरळ वाणाचंच. पाकिटावर ‘एफ १’ किंवा संकरित लिहिलेलं असेल तर पुढच्या पिढीत तीच भेंडी मिळत नाही. हंगामाच्या मध्यावर सगळ्यात निरोगी दोन-तीन झाडांना खूण करा, त्यांच्या चार-चार शेंगा न तोडता झाडावर तडकेपर्यंत वाळू द्या, आणि केवडा आलेल्या झाडाचं बी अजिबात घेऊ नका. बिया सावलीत आठवडाभर वाळवून कोरड्या राखेसोबत काचेच्या बाटलीत घट्ट झाकून ठेवा आणि बाटलीवर वाणाचं नाव, महिना आणि साल लिहा. भेंडीचं बी दोन वर्षांच्या पुढे नीट उगवत नाही. जुनं असेल तर पेरणीच्या आठवडाभर आधी दहा बिया ओल्या फडक्यात ठेवून बघा. सातपेक्षा कमी उगवल्या तर एका जागी तीन बिया टोका.